स्टँडबायचं भाडं आणि फेलओव्हरचा हुकूम

क्लाउडवरच्या डेटाबेसला स्टँडबाय (सतत तयार ठेवलेली दुसरी प्रत) जोडला की त्या डेटाबेसचं बिल जवळजवळ दुप्पट होतं. काम स्टँडबायवर वळवण्याचा हुकूम, म्हणजे फेलओव्हर, कोडमधून सोडायला मात्र एक पैसाही लागत नाही. ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, कोणीही त्याचं वेगळं शुल्क लावत नाही. आणि तरी चित्र असं दिसतं, की भाडं दरमहा बिनचूक भरलं जातं आणि फुकटचा हुकूम वर्षानुवर्षं कोणी सोडून बघत नाही. साताऱ्या-सांगलीकडच्या पतसंस्था, दूध संस्था, बेदाण्याची शीतगृहं आणि या सगळ्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या चार-सहा माणसांच्या कंपन्या, यांच्यासाठी हा हिशेब मांडतोय.

आधी भीती कशाची आहे ते ठरवा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा पेठेत शिरलं. तळमजल्यावरच्या खोलीत सर्व्हर ठेवण्याची हौस तेव्हा अनेकांची फिटली, आणि विक्रेत्यांना एक वाक्य सापडलं: ‘क्लाउडवर या, स्टँडबाय घ्या, पुराची काळजी मिटली.’ यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. डेटा मुंबईला किंवा पुण्याला गेला की मारुती चौकात कितीही पाणी आलं तरी तो भिजत नाही, आणि त्यासाठी एकटा, बिनजोडीचा डेटाबेसही पुरतो. पण पुरात शाखेची वीज गेली, ब्रॉडबँडची तार तुटली, तर स्टँडबाय काहीही करू शकत नाही. तिथे दुसऱ्या कंपनीची जोडणी, सिमकार्डाचा राउटर आणि चार्ज असलेली बॅटरी लागते. हा खर्च वेगळा आहे, स्टँडबायच्या मानाने कमी आहे आणि आपल्याकडे तो आधी करायला हवा.

चुकून पुसलेल्या नोंदी किंवा खंडणीखोर व्हायरस यांवरही स्टँडबाय हा इलाज नाही. मूळ डेटाबेसमध्ये जे लिहिलं जातं ते तिकडेही त्याच क्षणी लिहिलं जातं, चूकसुद्धा. जुलै २०२४ च्या अखेरीस छोट्या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे अशाच खंडणीखोर व्हायरसचा, हल्ला झाला, तेव्हा देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने तिची जोडणी तात्पुरती तोडली आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडकले. अशा वेळी उपयोगी पडतो तो मागच्या ठरावीक वेळेपर्यंत परत नेणारा बॅकअप, तोही वेगळ्या खात्यात ठेवलेला.

मग स्टँडबाय कशासाठी? तुमचा डेटाबेस ज्या इमारतीत आहे तिथली वीज, थंडावा, जाळं किंवा खुद्द ते मशीन बिघडलं, तर त्याच शहरातल्या दुसऱ्या इमारतीतून काम चालू राहावं यासाठी. या वेगळ्या इमारतींच्या गटाला झोन म्हणतात. एप्रिल २०२३ मध्ये गूगलच्या पॅरिस विभागात पाणी गळून आग लागली आणि सेवा कोलमडल्या. मोठ्या कंपनीची इमारत म्हणून काही होत नाही, असं नसतं. मशीनवरच्या ठरलेल्या दुरुस्त्याही स्टँडबायमुळे कमी खोळंब्यात होतात. वर्षभरात खरा फायदा बहुतेकदा एवढाच दिसतो. अख्खं शहर गेलं तर काय, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी हैदराबाद, दिल्ली किंवा चेन्नईला तिसरी प्रत लागते, तिचं पूर्ण भाडं वेगळं आणि तिकडे डेटा नेण्याचं शुल्क वेगळं. एका जिल्ह्यापुरत्या पतसंस्थेला मी ते सुचवणार नाही.

आता बिल. क्लाउडचे दर बदलत राहतात, डॉलरही हलतो, म्हणून पाठ केलेला आकडा देत नाही. रीत देतो. समजा एकट्या डेटाबेसचं महिन्याचं बिल १०,००० रुपये आहे. त्यात ७,००० मशीनचे, २,००० साठवणीचे आणि १,००० बॅकअप व किरकोळ. स्टँडबाय जोडल्यावर मशीन आणि साठवण दोन्ही दुप्पट होतात, बॅकअप सहसा तेवढाच राहतो. म्हणजे १४,००० अधिक ४,००० अधिक १,०००, एकूण १९,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २२,४२०. आधी करासह ११,८०० जात होते. फरक महिन्याला १०,६२० रुपये, वर्षाला १,२७,४४०. संस्थेच्या बारा शाखा असतील तर शाखेमागे महिना ८८५ रुपये. संचालक मंडळासमोर हा शेवटचा आकडा ठेवा, चर्चा लवकर संपते. जीएसटी क्रमांक क्लाउडच्या खात्यात नोंदवलेला आहे का तेही बघा. नसेल तर इनपुट क्रेडिट मागताना तुमचे लेखापाल तुमच्याकडेच बघतील.

ॲमेझॉनचा मुंबई विभाग वापरत असाल तर बिलाच्या तपशिलात ‘एपीएस३’ने सुरू होणाऱ्या ओळी सापडतील. त्याच्या पुढे ‘इन्स्टन्स युसेज’ असेल तर डेटाबेस एकटा आहे. ‘मल्टी-एझेड युसेज’ असेल तर स्टँडबायचं भाडं चालू आहे. सॉफ्टवेअरवाला तुमच्याकडून स्टँडबायचे पैसे घेतो आणि बिलात पहिल्या प्रकारची ओळ निघते, असं होऊ शकतं. मूळ बिल मागून घ्या, त्यात संकोच कसला.

मायक्रोसॉफ्टचा ‘मध्य भारत’ विभाग पुण्यात आहे, म्हणजे साताऱ्याहून सर्वांत जवळचा. तिथे झोननिहाय स्टँडबाय मिळतो. मात्र पोस्टग्रेस डेटाबेसच्या ‘बर्स्टेबल’ या स्वस्त प्रकाराला स्टँडबाय जोडता येत नाही. त्यामुळे तिथे खर्च दुप्पट होत नाही, त्याहून वर जातो, कारण आधी मशीनच वरच्या दर्जाचं घ्यावं लागतं. गूगल छोट्या सामायिक मशीनला स्टँडबाय देतं, पण उपलब्धतेच्या हमीत ते मशीन धरत नाही. विक्रेता ‘स्वस्तात स्टँडबाय’ म्हणाला की मशीनचा प्रकार विचारायचा तो यासाठी.

हुकूम सोडायला पाच-सहा ओळींचा कोड लागतो. सांगलीच्या वालचंदमधून किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेलं कुठलंही पोर तो अर्ध्या तासात लिहील. ॲमेझॉनवर ‘फेलओव्हर’ नावाचा वेगळा हुकूम साध्या डेटाबेसला नाही. ‘रीबूट डीबी इन्स्टन्स’ म्हणायचं आणि सोबत ‘फोर्स फेलओव्हर’ खरं ठेवायचं. स्टँडबाय नसेल तर हुकूम नाकारला जातो, त्यामुळे स्टँडबाय आहे की नाही हे तपासायचीही ही एक वाट झाली. गूगलच्या क्लाउड एसक्यूएलमध्ये आधी त्या डेटाबेसचा ‘सेटिंग्ज व्हर्जन’ आकडा वाचून घ्यावा लागतो आणि तोच हुकुमासोबत परत द्यावा लागतो. जुना आकडा दिला तर काम होत नाही. मायक्रोसॉफ्टकडे रीस्टार्टच्या हुकुमाला ‘प्लॅन्ड’ किंवा ‘फोर्स्ड’ अशी पुस्ती जोडतात. फेलओव्हरची तालीम म्हणून दोन्ही करून बघा, कारण खरा बिघाड दुसऱ्या प्रकारासारखा येतो. गूगलच्या रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या सेवेतही असा हुकूम आहे. त्यात मर्यादित डेटा गमावण्याची आणि कितीही डेटा गमावण्याची अशा दोन पद्धती आहेत. पहिलीत मूळ आणि प्रत यांच्यात ३० एमबीपेक्षा जास्त अंतर असेल तर हुकूम पाळलाच जात नाही. दुसरी पद्धत चालू कामावर वापरू नका.

हुकूम स्वीकारला गेला म्हणजे फेलओव्हर झालं, असं नाही. कोडला लगेच ‘ठीक’ असं उत्तर येतं, काम मागे चालू राहतं. म्हणून कोडने पुढे दर काही सेकंदांनी स्थिती विचारत राहिलं पाहिजे, आणि शेवटी डेटाबेस खरंच दुसऱ्या झोनमध्ये गेला का हे वाचून नोंदवलं पाहिजे. ही नोंद जपून ठेवा, हिशेब तपासनीस विचारतो तेव्हा हाच कागद दाखवायचा असतो.

ॲमेझॉनच्या साध्या स्टँडबायला वळण घ्यायला सहसा ६० ते १२० सेकंद लागतात. मोठा व्यवहार अर्धवट असेल तर जास्त. ज्यांतून वाचनही करता येतं अशा दोन स्टँडबायची महागडी मांडणी घेतली तर सहसा ३५ सेकंदांच्या आत काम होतं, पण तीन मशीनचं भाडं लागतं. हे झाले कंपनीचे आकडे. शाखेतल्या खिडकीवर काय होतं ते तुमच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, आणि खर्चाचा लपलेला भाग तिथे आहे.

ॲमेझॉनवर डेटाबेसचं नाव तेच राहतं, त्यामागचा पत्ता बदलतो. जावामध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर जुना पत्ता धरून बसू शकतं. पत्ता धरून ठेवण्याची ही मुदत ६० सेकंदांच्या वर ठेवू नका, असं ॲमेझॉनच सांगतं. गूगलकडे पत्ता बदलत नाही, पण उघडी असलेली सगळी कनेक्शनं तिथेही तुटतात. सॉफ्टवेअर सहसा कनेक्शनांचा एक साठा हाताशी ठेवतं आणि त्यातलं प्रत्येक कनेक्शन आता मेलेलं असतं. ते तपासून टाकून द्यायची सोय कोडमध्ये नसेल, तर डेटाबेस दीड मिनिटात उभा राहतो आणि खिडकीवरचा कारकून अर्धा तास ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणत बसतो. शेवटी कोणीतरी ॲप बंद करून चालू करतं.

याहून वाईट प्रकार दुबार नोंदीचा. पिग्मी एजंटने विट्याच्या पेठेत २०० रुपयांची पावती दिली. त्याच्या हातातल्या मशीनने ती वर पाठवली, डेटाबेसने नोंदवलीही, आणि ‘नोंद झाली’ हा निरोप परत यायच्या आत फेलओव्हर सुरू झालं. पक्की झालेली नोंद स्टँडबायवर शाबूत असते, ती हरवत नाही. मशीनला मात्र ते कळलेलं नाही, म्हणून ते तीच पावती पुन्हा पाठवतं. ठेवीदाराच्या खात्यात ४०० जमा आणि संध्याकाळी रोख २०० नी कमी. दूध संकलन केंद्रावर हेच घडलं तर एका शेतकऱ्याचं सकाळचं दूध दोनदा चढतं, आणि दहा दिवसांच्या बिलात ते सापडेपर्यंत भांडण झालेलं असतं. इलाज जुना आहे. पावतीचा क्रमांक मशीनवरच तयार व्हावा आणि तो क्रमांक दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसने नाकारावा. पुन्हा पाठवण्याआधी थोडं थांबावं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. नाहीतर सगळ्या शाखा एकदमच दारावर धडका मारतात आणि नुकता उठलेला डेटाबेस पुन्हा बसतो.

या दुरुस्त्यांना माझ्या अंदाजाने प्रोग्रामरचे तीन-चार दिवस लागतात, कोड जुना आणि कागदपत्रांशिवाय असेल तर दोन आठवडेही. हा एकदाचा खर्च आहे. स्टँडबायच्या भाड्याआधी तो करा, कारण तो केला नाही तर भाडं वाया जातं.

उत्साही प्रोग्रामर इथे एक चूक करू शकतो. डेटाबेसने उत्तर दिलं नाही तर ॲपनेच फेलओव्हरचा हुकूम सोडावा, असं तो कोड लिहितो. असं करू देऊ नका. जतच्या शाखेची लाइन मंद आहे म्हणून तिथल्या ॲपला डेटाबेस मेल्यासारखा वाटेल, ते हुकूम सोडेल आणि कराड, वाई, तासगाव सगळीकडचं चालू काम दीड मिनिटासाठी तुटेल. खरा बिघाड ओळखून वळण घेण्याचं काम क्लाउड स्वतः करतं, त्याचेच पैसे तुम्ही भरता. तुमचा कोड तालमीपुरता ठेवा, ॲपपासून वेगळा. त्याची चावीही वेगळी असू द्या, त्या एकाच डेटाबेसपुरती, आणि तो हुकूम सोडण्या व स्थिती वाचण्यापुरती. ती चावी सॉफ्टवेअरवाल्याच्या नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे तर राहिली नाही ना, हेही एकदा विचारा.

पहिली तालीम चालू डेटाबेसवर नको. कालच्या स्नॅपशॉटवरून स्टँडबायसह नवी प्रत उभी करा, चाचणीचं ॲप तिला जोडा, हुकूम सोडा आणि झाल्यावर प्रत पुसून टाका. वरच्याच उदाहरणात मशीन व साठवण मिळून महिन्याचे १८,००० होतात, महिन्याचे तास ७३०, म्हणजे तासाला साधारण २५ रुपये. चार तासांची तालीम करासह सव्वाशेच्या आत बसते. प्रत पुसायला विसरलात तर मात्र महिनाअखेर वीस हजारांवर भुर्दंड बसेल, तेव्हा पुसण्याची ओळही त्याच कोडमध्ये घाला.

तालमीत खोळंबा मोजायची सोपी युक्ती अशी: एक छोटा प्रोग्राम दर सेकंदाला त्या डेटाबेसमध्ये वेळेची एक ओळ लिहीत ठेवायचा. नंतर यादी वाचायची. समजा ११:०४:१७ नंतरची ओळ थेट ११:०५:३८ ला आली, तर तुमचा खरा खोळंबा ८१ सेकंदांचा. एकच ओळ दोनदा दिसली तर पावतीचं काम अजून झालेलं नाही. हा प्रोग्राम एखाद्या शाखेतल्या संगणकावरून चालवला तर अधिक बरं, मुंबईतल्या मशीनवरून सगळं छानच दिसतं.

चालू डेटाबेसवरची तालीम वर्षातून दोनदा पुरे. वेळ निवडताना आपल्याकडचं घड्याळ बघा. दूध संस्थेसाठी सकाळ-संध्याकाळचं संकलन टाळा, दुपारी एक ते तीन बरी. पतसंस्थेत संध्याकाळी पिग्मीचा भरणा वर चढतो, त्यानंतर डे-एन्ड चालतं, म्हणून डे-एन्ड संपल्यावरची रात्र घ्या. मार्चचा शेवटचा पंधरवडा नकोच. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे भरात असतात त्या महिन्यांत अडत्याच्या सॉफ्टवेअरला दिवसा हात लावू नका. साखर कारखान्याचा वजनकाटा गाळप हंगामात रात्रीही थांबत नाही, त्यामुळे तिथली तालीम हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला उरकलेली बरी. शाखाधिकाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. न सांगता केलेल्या तालमीने माणसं चिडतात आणि पुढच्या वेळी परवानगी मिळत नाही.

सॉफ्टवेअरवाल्याशी वार्षिक करार करताना तीन गोष्टी लिहून घ्या: वर्षातून दोन तालमी, प्रत्येकीची वेळेसह नोंद संस्थेला देणे, आणि शाखेच्या खिडकीवरचा खोळंबा किती मिनिटांच्या आत असेल तो आकडा. ‘९९.९५ टक्के उपलब्धता’ एवढ्यावर सही करू नका. त्याचा अर्थ ३० दिवसांच्या महिन्यात २१.६ मिनिटं बंद चालतं, आणि ही हमी क्लाउड कंपनीची डेटाबेसपुरती असते, सॉफ्टवेअरची नसते. हमी मोडली तर मिळतं काय? ॲमेझॉनकडे उपलब्धता ९९.९५ च्या खाली पण ९९ टक्क्यांपर्यंत राहिली तर त्या सेवेच्या बिलाच्या १० टक्के क्रेडिट, तेही वेळेत मागितलं तर. आपल्या उदाहरणात १,९०० रुपये. खोळंब्यात गेलेला धंदा त्यात धरत नाहीत.

कोणी स्टँडबाय घेऊ नये, तेही सांगतो. एक-दोन शाखांची संस्था, संध्याकाळी सहाला कुलूप लागणारी, जिच्याकडे मोबाइल बँकिंग नाही, तिला एकटा डेटाबेस, रोजचा बॅकअप आणि तो परत उभा करण्याची सवय एवढं पुरतं. दिवसात दोन तास बंद राहिलं तर वहीत लिहून नंतर चढवता येतं. हे आपल्याकडे अजून सगळ्यांना जमतं. शीतगृहात बेदाण्याच्या बॉक्सची आवक-जावक कागदी चिठ्ठीवरही दिवसभर चालते. उलट संकलन केंद्रं पन्नासच्या वर असतील, यूपीआय किंवा एटीएमची जोडणी असेल, रात्रंदिवस वजनकाटा चालत असेल, तर दुप्पट भाडं भरा आणि तालीम करा. मधल्या संस्थांनी भाडं सहा महिने भरून, दोन तालमी करून ठरवावं. ॲमेझॉन आणि गूगलवर स्टँडबाय नंतर जोडता किंवा काढता येतो. वर्षा-तीन वर्षांच्या कराराची सवलत त्यानंतरच घ्या.

तालीम झाल्यावर डेटाबेस दुसऱ्या झोनमध्येच राहतो, आपोआप परत येत नाही. परत आणायची गरजही सहसा नसते. फक्त तुमचं ॲप जुन्याच झोनमध्ये असेल तर ॲमेझॉनवर दोन झोनमधल्या वाहतुकीचं जीबीमागे थोडं शुल्क सुरू होतं. पावत्या आणि खतावण्यांच्या कामात ते नगण्य असतं. स्कॅन केलेले केवायसीचे फोटो डेटाबेसमध्येच कोंबले असतील तर ते बिलात दिसू लागेल. फोटो वेगळ्या साठवणीत हलवा. तेवढ्याने डेटाबेसची साठवण कमी होते, आणि स्टँडबाय असेल तर ती बचतही दुप्पट मोजली जाते.